मढ्यांचा पिक्चर कुणी सांगायचा

चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस त्या पिक्चरमध्ये तीनदा मेला. आधी पेट्रोल पंपावर, मग एका घराच्या जिन्यात आणि शेवटी दलदलीत. हातात पैसा कमी असला की असे पिक्चर काढणारे लोक तीच माणसं पुन्हा पुन्हा वापरतात, हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर कुणीतरी सांगितलं. निपाणीच्या वखारीत जमलेल्या बायांना ते त्याच्या दुसऱ्या मरणालाच कळलं होतं.

"अगं, ह्यो मगाशी मेलता न्हवं?"

"मेलता की. मढंच हाय ते, परत येणारच."

"पर शर्टाची इस्त्री मोडली न्हाय गं अजून!"

वखार तंबाखूची. हंगाम संपून रिकामी पडली होती, पण वास भिंतींतून गेला नव्हता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी एक व्हिडिओवाला हातगाडीवर टीव्ही आणि व्हिडिओ घालून आणायचा, खिडक्यांना गोणपाट लावून अंधार करायचा आणि गल्लीतल्या बायांना पिक्चर दाखवायचा. त्या दिवशी खरं तर रडारडीचा हिंदी पिक्चर ठरला होता. तो सुरू होऊन थोड्या वेळातच कॅसेटची टेप आत गुंतली आणि मशीननं ती चावून टाकली. बाया ओरडायला लागल्या, तेव्हा त्यानं पिशवीतून दुसरी कॅसेट काढली.

"हेच हाय. इंग्लिश हाय, मढी उठत्यात. बघायचं तर बघा."

माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. बेळगावात कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले. दर उन्हाळ्यात वडील मला संकेश्वरवरून निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायचे, त्यांच्या थोरल्या बहिणीकडं. या आत्यानं बिड्या वळून वडिलांना शिकवलं होतं. वडील बेळगावात ऑफिसात लागले, आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो आणि मी इंग्रजी बोलायला लागले. आत्या बिड्याच वळत राहिली. तिची मुलगी माझ्याहून एका वर्षानं मोठी. तिला मी आक्का म्हणायचे. आक्कानं सातवीनंतर शाळा सोडली होती, आणि तीही आईशेजारी सूप मांडीवर घेऊन बसायची.

भुताखेतांचे पिक्चर आमच्या घरात चालत नव्हते. आपण ते सगळं सोडलेली माणसं आहोत, असं वडील म्हणायचे. आमच्या घरात होता तोच निळ्या कोटातला फोटो आत्याच्या भिंतीवरही होता. पण आत्याचं म्हणणं वेगळं. "पिक्चर बघितला म्हंजे मानलं, असं हुतंय व्हय? मग हिंदी पिक्चर बघून आमी लगीन तरी किती येळा केलं असतं!"

पिक्चर सुरू झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तू इंग्लिश शिकतीस न्हवं? सांग की काय म्हणतोय त्यो."

मला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तरी त्या दिवशी मला आनंद झाला होता, तो लपवत मी पुढं सरकून बसले. त्या घरात मला येत असलेली एक गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी हवी होती. बिडी मला वळता यायची नाही. माझी बिडी मधेच फुगायची आणि आत्या ती हळूच उलगडून पुन्हा वळायची. पण इंग्रजी मला येत होतं.

अडचण अशी झाली की पिक्चर मुळात इंग्रजी नव्हताच. कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला, त्यावर इंग्रजी बोलणं नंतर चढवलेलं. तोंड मिटलं तरी आवाज चालूच राहायचा. एक बाई किंचाळायची ती आधी ऐकू यायची, मग दिसायची. मी कान देऊन ऐकायचे, अर्थ लावायचे, त्याचं नीट मराठी करायचे, आणि "तो म्हणतो की कारखान्यातल्या औषधाच्या टाक्या फुटल्यामुळे..." एवढं म्हणेपर्यंत मढं खिडकीतून आत आलेलं असायचं. बाया ओरडायच्या. तंबाखूच्या धुरळ्यानं मधेच कुणाला तरी सटासट शिंका यायच्या आणि त्या शिंकांनी बाकीच्या आणखी दचकायच्या. माझं वाक्य तसंच अर्धं राहायचं.

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळ. कळतंय आमास्नी."

आक्का माझ्या मागंच भिंतीला टेकून बसली होती. तिनं पूर्ण पिक्चरभर तोंडातून एक शब्द काढला नाही. मी वळून बघितलं तेव्हा तिचे ओठ किंचित हलत होते, एवढंच.

आता मी असले पिक्चर वाईट होते असं म्हणत नाही. नंतर बेळगावात मैत्रिणींच्या घरी मी तसले पुष्कळ पाहिले. धुकं म्हणजे कुणीतरी बादलीतून सोडलेला धूर, हे दिसायचं. मढ्यांच्या तोंडाला पीठ लावलेलं असायचं, ते मानेपाशी संपायचं. मेलेल्याच्या मनगटावर घड्याळ आणि छाती वरखाली होत असलेली. पण चांगल्या पिक्चरमध्ये नसलेली एक गोष्ट त्यांच्यात होती. त्यांना घाई नव्हती. मढी पाय ओढत यायची, आणि यायचीच. दार लावलं तरी यायची, माणसं पळाली तरी यायची, गोष्ट संपली तरी यायची. शहाण्या माणसाला तो कंटाळवाणा भाग वाटेल. मलाही वाटला होता. आक्कानं त्याचं काय करता येतं ते दाखवलं.

आत्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात रोज सकाळी सहासात बाया बिड्या वळायला बसायच्या. पानं ओली करून फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. हात चालू असले तरी डोकं रिकामं राहतं, म्हणून कुणीतरी काहीतरी सांगायचं, अशी त्या सोप्याची रीत होती. बहुतेक पिक्चरच सांगायचे. एकीनं बघायचा आणि सगळ्यांना पुरवायचा. पण त्याला एक अट होती. गोष्टीनं हात थांबता कामा नयेत. गोष्ट फार रंगली आणि हात थांबले, तर संध्याकाळी कारखान्यात माल कमी जायचा. आत्या त्यावर लक्ष ठेवून असायची. कुणाचा हात रेंगाळला की ती "हात, हात" एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पिक्चर न बघितलेल्या बायांनी विचारलं, तेव्हा आत्या कौतुकानं म्हणाली, "आज आमची बेळगावची सांगंल. तिला समदं कळालंय."

मी सांगितला. टाक्या कशा फुटल्या, औषध जमिनीत कसं मुरलं, शास्त्रज्ञाची चूक काय झाली. एकही गोष्ट सोडली नाही आणि एकही चुकीची सांगितली नाही. पण बायांच्या बिड्यांच्या पहिल्या जुडीचा दोरा बांधून होईपर्यंत माझा पिक्चर संपला.

"झाला?" माझ्या समोर बसलेली काकी म्हणाली. ती समोरच्या घरातली, आत्याच्या वयाची, कमी बोलणारी.

"हो."

"मग काल तुमी दुपारभर तिथं काय करत बसला हुता गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग आत्या आक्काला म्हणाली, "तू सांग."

आक्कानं एक पान कापलं, त्यात तंबाखू भरली आणि म्हणाली, "गावाभाईर एक पूल हुता. आपल्या वेदगंगेच्या पुलागत. त्या पुलाखालनं पयलं मढं निघालं. ते पोस्टमन हुतं."

पिक्चरमध्ये पोस्टमन नव्हता. चौकड्यांच्या शर्टाच्या खांद्यावरून एक पट्टा गेलेला होता, तेवढ्यावरून तिनं त्याला पोस्टमन केलं. तो आपल्या मरणाच्या आधी वाटायची राहिलेली पत्रं घेऊन निघाला होता. त्याच्यामागं मास्तर निघाला. मग एक सासू निघाली.

"सून दारात हुबी. म्हणती, आत्याबाई, एकदा मेलासा ते बास की! परत कशाला तरास घेतला?"

बायांच्या हसण्यानं सुपं हलली. हात मात्र चालूच होते. ती सांगायची त्याला एक चाल होती, ती मला थोड्या वेळानं कळली. "पाय... वडत... येतंय" असं ती म्हणायची, आणि त्या प्रत्येक शब्दावर सोप्यातल्या सगळ्याजणी दोऱ्याचा एकेक वेढा घ्यायच्या. मढं जितकं हळू चालेल तितका माल जास्त व्हायचा. मला जो भाग वाया गेलेला वाटला होता, त्यावर तिनं अख्खी सकाळ काढली. पोस्टमन दुपारी जेवायच्या वेळेलाही पुलावरच होता.

आत्या एकदाही "हात" म्हणाली नाही.

मला इतका हेवा तोवर कुणाचा वाटला नव्हता. शाळेत श्रीमंत मुली होत्या, त्यांच्या डब्यांचा आणि बुटांचा हेवा वाटायचा, पण त्या वस्तू होत्या. वडील म्हणायचे, शीक, म्हणजे मिळेल. आक्काचं हे कुठं शिकायला मिळणार होतं? तिला एक शब्द समजला नव्हता, आणि त्यामुळंच सगळा पिक्चर तिच्यासाठी मोकळा राहिला होता. मी त्यातल्या वाक्यांना बांधली गेले होते. रात्री अंथरुणावर मी तिच्या चुका मोजत पडायचे. पोस्टमन नाही, सासू नाही, पूल नाही. त्या चुका मोजताना पोस्टमन मला स्पष्ट दिसायचा आणि चौकड्यांच्या शर्टाचा माणूस आठवायचा नाही, तेव्हा मला जास्तच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी बायांमध्ये वाद निघाला. आमच्यात मढी उठतील का?

"आमच्यात जाळत्यात. राखंचं काय उठतंय? आमास्नी भ्या न्हाय."

"आमच्यात पुरत्यात बाई. आमी दाराला दोन कड्या लावाव्या म्हणती."

"व्हय, आन् बारकी लेकरं गं? ती कुठं कोण जाळतंय? समद्यांचीच पुरत्यात."

आक्कानं घाईनं मास्तरच्या मढ्याला शाळेत पाठवलं आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. बाया हसल्या. मी तेवढ्यात माझी जागा बघितली. पिक्चरमध्ये एक लहान मुलगा होता आणि आक्कानं तो सांगितलाच नव्हता. पिक्चरमधली तीच एक जागा होती, जिथं बोलणं जवळजवळ नव्हतं आणि मला भाषांतर करावं लागलं नव्हतं. ती मला नीट आठवत होती. तिच्याकडं ती नव्हती.

"आक्का, तू एक विसरलीस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "एक लहान मुलगा पण उठतो. तो त्याच्या घरी येतो."

आक्कानं मान वर केली नाही. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, काहीतरी झालंय. काय ते कळलं नाही. मग समोरून काकीचा आवाज आला.

"घर सापडलं त्याला?"

"हो," मी म्हटलं.

"किती मोठा हुता?"

"चारपाच वर्षांचा असेल."

"एवढंसं पोर. आन् घर सापडलं?"

"हो."

"मग आईनं दार उघडलं?"

"आधी तिनं काचेतून बघितलं. मग उघडलं."

"मग?"

सोप्यातले सगळे हात थांबले होते. सुपात तंबाखू तशीच, दोरे बोटांवर. आत्याही थांबली होती. मला हवं होतं ते अगदी तसंच माझ्यासमोर होतं. पुढं काय झालं ते मला माहीत होतं. मुलगा आईच्या मनगटाला चावला होता आणि मग आईही मढं होऊन त्याच्यामागं चालायला लागली होती. मी आक्काकडं बघितलं. ती खाली बघत एकच पान पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"मग तो आत आला," मी म्हटलं.

"आत आला," काकी म्हणाली. मग तिनं पान उचललं. तिच्यामागं बाकीच्यांनी उचललं.

दुपारी चुलीपाशी आक्का मला म्हणाली, "काकीचं पोरगं हुतं. वढ्याकडंला पुरलंय. मी मुद्दाम गाळलतं ते."

"मला वाटलं तू विसरलीस."

"मी काय इसरत न्हाय," ती म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "पर काकी रडली न्हाय. मला वाटलतं रडंल."

तिच्या आवाजात मला थोडं आश्चर्य ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यावर मी दिवसभर जगले. काकीनं मला विचारलं होतं, तिला नाही. संध्याकाळी कारखान्याकडं जाताना काकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आक्का पुढं चालत होती. तिनं ते बघितलं असावं, अशी माझी फार इच्छा होती.

हे सुख एक रात्रच टिकलं. सकाळी काकी सूप घेऊन बसली आणि म्हणाली, "त्या पोराचं सांगा की." ती कुणाकडं बघून म्हणाली ते नक्की कळलं नाही. मी घसा साफ करीपर्यंत आक्का सुरू झाली होती.

"पोरगं निघालं. पाऊस लागल्याला. वाटंत एक चप्पल चिखलात ऱ्हायली, तर ते थांबलं, मागं बघितलं. आई वरडंल म्हणून परत गेलं चप्पल काढायला." कुणीतरी हसलं, कुणीतरी पदर नाकाला लावला. "चप्पल काय निघना. तसंच आलं. समदी घरं सारखी, अंधार. त्याला कळंना आपलं कंचं. मग ते गपकन हुबं ऱ्हायलं आन् ऐकाय लागलं. एका घरातनं कातरीचा आवाज येत हुता. पान कापायचा."

काकीचे हात चालू होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायला तिनं हात थांबवला नाही. ती हसतही होती. "व्हय," ती म्हणाली, "कातरीवरनंच झोपायचं ते. कातर थांबली की उठायचं."

मी तिथून उठून मागच्या परड्यात गेले आणि उगाचच हातपाय धुतले. ते पोर मी आणलं होतं. मी दारापर्यंत आणलेल्या पोराला आक्कानं चप्पल घातली, तिनं कान दिले, आणि एका रात्रीत ते तिचं झालं. त्या पिक्चरच्या देशात कोण बिड्या वळतं? कुठली कातर? मला ते सोप्यात जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. मी काही सांगितलं नाही. त्या सुट्टीत मी उरलेले दिवस पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसायचे. भिंतीपलीकडून रोज ते पोर यायचं, आणि पुस्तकाचं पान तिथंच राहायचं.

चार वर्षांनी मी पुन्हा त्या सोप्यात बसले. मी बेळगावात पदवीला होते. आक्काचं लग्न झालं होतं आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट पुढं आल्यामुळं तिचं सूप आता मांडीवर नीट बसत नव्हतं, ते ती तिरकं धरायची. बायांत एक नवी होती, गल्लीत नुकतीच सून म्हणून आलेली. तिनं तो पिक्चर ऐकला नव्हता. आता तो कुणी व्हिडिओवर बघितला होता, ही गोष्टच सगळ्या विसरल्या होत्या. तो आक्काचा पिक्चर होता.

तिनं पहिल्यापासून सांगितला. पोस्टमन, मास्तर, सासू. मी वाट बघत होते. चिखलातल्या चपलेपाशी ती येईल तेव्हा मला काय वाटेल, हे मला आधीच माहीत होतं आणि तरी मी तिथून उठले नाही. पोर निघालं, पाऊस लागला, आणि आक्का थांबली. तिनं पाठीला हात लावला.

"हितनं तू सांग," ती मला म्हणाली. "हे हिनं आणलंय," असं तिनं त्या सुनेला सांगितलं. "मी गाळलतं, हिनं आणलं."

इतक्या वर्षांनी ती हे सगळ्यांसमोर म्हणाली, आणि मला तिच्या त्या सहजपणाचाही हेवा वाटला. मी सांगायला लागले. पोर चालत आलं. घरं सारखी होती. कातर मी वगळली, ती माझी नव्हती. काचेतून आईनं बघितलं. दार उघडलं. पोर आत आलं.

"आन् चावलं न्हाय?" नवी सून म्हणाली. "बाकीची मढी तर चावत्यात की समद्यास्नी."

मी आक्काकडं बघितलं. आक्का माझ्याकडं बघत होती. इतक्या वेळा सांगूनही तिला हे कुणी विचारलेलं नसावं. ती काहीतरी शोधतेय हे मला दिसत होतं, आणि मीही शोधत होते. दोघींपैकी जिला आधी सापडेल तिचा तो पिक्चर, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

काकी दोरा गुंडाळत होती.

"चावलं असंल की," ती म्हणाली. "आपलंच पोर न्हवं ते?"

तिनं बिडीचं तोंड मुडपलं आणि दुसरं पान उचललं. आत्या हळूच "हात" म्हणाली. आक्का अजून काकीकडंच बघत होती, आणि त्या सोप्यात आक्काची गोष्ट ऐकताना माझ्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर बघितलं.